आधी वजन की आधी मशीन? घोरणं, लठ्ठपणा आणि रात्री अडकणारा श्वास

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय, की त्यांच्या मिस्टरांचं वय ४६, उंची पाच फूट सहा इंच, वजन १०२ किलो. गेल्या सात-आठ वर्षांत वीसेक किलो वाढलं. कापडाचं दुकान आहे, माल आणायला इचलकरंजी-सोलापूरला स्वतःच गाडी चालवत जातात. रात्री जोरात घोरतात, घोरता घोरता मध्येच एकदम गप्प होतात आणि मग गचका देऊन श्वास घेतात. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलक्या लागतात. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, तरी बीपी खाली येत नाही. डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करायला सांगितली, पण ह्यांचं म्हणणं, "वजन कमी केलं की आपोआप जाईल, तोंडाला नळी लावून कोण झोपणार?" त्यात पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. मग आधी वजन उतरवायचं की आधी झोपेत नाकावाटे हवेचा दाब देणारी सीपॅप मशीन आणायची? आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याचं सांगायलाच हवं का?

ताई, ही लक्षणं स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत घसा दबून श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजाराची दिसतात, आणि तुमचे मिस्टर निम्मं बरोबर बोलतायत. वजन उतरलं की रात्रीचा श्वास सुधारतो, यात वाद नाही. चुकतोय तो क्रम. "आधी वजन, मग बघू" म्हणणारे माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात, आणि त्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांनी परत येतात तेव्हा वजन तेवढंच किंवा आणखी वाढलेलं असतं, वर बीपीची तिसरी गोळी लागलेली असते. श्वासाचा इलाज आत्ता सुरू करायचा आणि वजनाचा इलाज त्याच दिवसापासून शेजारी चालू ठेवायचा. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण कारण कळल्याशिवाय मिस्टर ऐकणार नाहीत.

आपल्या श्वासनळीला कुर्च्यांच्या कड्यांचा आधार असतो, ती सहसा दबत नाही. पण तिच्या वर, टाळूच्या मागून जिभेच्या मुळापर्यंतचा जो घसा आहे, त्याला भोवतीनं असा कडक आधार नाही. तिथली वाट उघडी राहते ती स्नायूंच्या जोरावर. जागेपणी स्नायू ताठ असतात, झोपेत ढिले पडतात. हे प्रत्येकाच्या बाबतीत होतं. सडपातळ माणसाच्या घशात मुळातच जागा मोकळी असते, म्हणून स्नायू ढिले पडले तरी हवा जाते. वजन वाढलं की चरबी फक्त पोटावर साठत नाही. ती जिभेत साठते, घशाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत साठते, हनुवटीखाली साठते. जिभेत चरबी असते हे ऐकून लोकांना नवल वाटतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटानं एमआरआय काढून हे मोजलं आणि २०२० साली प्रसिद्ध केलं: वजन कमी झाल्यावर ज्यांचा रात्रीचा श्वास सुधारला, त्यांच्यात घशातला सगळ्यात महत्त्वाचा बदल होता तो जिभेतली चरबी कमी होण्याचा.

आता अशा अरुंद, ढिल्या घशातून छाती जोर लावून हवा ओढते. कागदी स्ट्रॉ भिजून मऊ पडली की जोरात ओढल्यावर चपटी होते, तसंच घशाचं होतं. अर्धवट दबला तर भिंती थरथरतात, ते घोरणं. पूर्ण दबला तर आवाज बंद. तुम्हाला वाटतं, चला, गप्प झोपले एकदाचे. प्रत्यक्षात त्या वेळी छाती-पोट हलत असतात, पण हवा आत जात नसते.

दुसरी गोष्ट पोटाची. उताणं झोपल्यावर मोठं पोट पडद्याला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला, वर ढकलतं. फुफ्फुसांना जागा कमी पडते. त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे फुफ्फुसात ऑक्सिजनचा जो साठा राहतो तो कमी होतो, त्यामुळे श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन सडपातळ माणसापेक्षा झपाट्यानं घसरतो. दुसरा परिणाम फारसा कोणी सांगत नाही. भरलेली फुफ्फुसं श्वासनळीला खाली ओढून धरतात आणि त्या ताणामुळे वरचा घसाही ताठ राहतो. फुफ्फुसं लहान झाली की तो ताण सुटतो. म्हणजे पोटाचा घेर घशापर्यंत पोचतो तो असा. त्यात दिवसभर दुकानात उभं राहून पायांना सूज येत असेल, तर ते पाणी रात्री आडवं झाल्यावर वर सरकतं आणि थोडं मानेतही जातं.

श्वास अडकल्यावर माणूस गुदमरून जात का नाही? कारण ऑक्सिजन घसरला, छातीचा जोर वाढला की मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, घशाचे स्नायू ताठ करतो, गचका बसतो आणि हवा आत जाते. तुम्ही जो गचका ऐकता तो हाच. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही, म्हणून ते छातीठोकपणे सांगतात, "मला तर गाढ झोप लागते, पडलो की मेलो." फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी घरांतून घाबरे फोन येत होते, "आमचे हे झोपेतच दगावतील का?" आज रात्रीच काही होईल असं समजून तुम्ही उशाशी जागत बसू नका. नुकसान होतं ते साचत साचत.

ते कसं, हेही बघा. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला तर त्याला एक झटका धरतात. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली तर तोही मोजतात. तासाला किती झटके, हा आकडा म्हणजे रिपोर्टमधला एएचआय. पाचपर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. समजा मिस्टरांचा ४० आला. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा, सात तासांच्या झोपेत २८० वेळा मेंदू दचकून उठतोय. दर वेळी शरीरात ॲड्रेनलिनसारखी रसायनं उसळतात, नाडी धावते, बीपी चढतो. निरोगी माणसाचा बीपी रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतो, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. ह्यांचा तो उतरतच नाही. दोन गोळ्यांनी बीपी हटत नाही म्हणता ना, त्याचं एक कारण इथे असू शकतं. अशा रुग्णांत हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात आणि मधुमेह यांचं प्रमाणही जास्त दिसतं.

काही लक्षणं लोक या आजाराशी जोडतच नाहीत. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं हे त्यातलं ठळक. प्रोस्टेट म्हणून तपासण्या होतात, पण अनेकदा कारण असं असतं की बंद घशाविरुद्ध छातीनं जोर लावला की हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, आणि हृदयातून लघवी वाढवणारं एक संप्रेरक सुटतं. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, छातीत जळजळ, चिडचिड, विसरभोळेपणा, शरीरसंबंधांतली इच्छा कमी होणं. विचारल्याशिवाय पुरुष शेवटचं सांगत नाहीत.

आता वजनाच्या गणिताकडे येतो, कारण मिस्टरांशी वाद होणार तो इथेच. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात हजारो नाही, पण काहीशे लोकांना चार वर्षांच्या अंतरानं तपासून २००० साली जे निष्कर्ष आले, ते आम्ही आजही सांगतो. वजन १० टक्क्यांनी वाढलं तर एएचआय सरासरी ३२ टक्क्यांनी वाढतो. १० टक्क्यांनी उतरलं तर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतो. मिस्टरांना लावून बघा. १०२ किलोंवरून ९२ वर येणं म्हणजे आठवड्याला अर्धा किलो धरला तरी पाच महिने. तोही न चुकता, गणपती-दिवाळी मध्ये न येता. आणि एवढं करून ४० चा आकडा साधारण ३० वर येईल. सुधारणा खरी, पण आजार अजून तीव्रच्या उंबऱ्यावर. मधुमेही, लठ्ठ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत वर्षभरात सरासरी अकरा किलो उतरवलेल्या गटात आजार पूर्ण गेला तो सुमारे १४ टक्के लोकांचा. नुसतं मार्गदर्शन मिळालेल्यांत ३.५ टक्के. म्हणजे फायदा चौपट, तरी सातात एक. हे सगळं सरासरीचं. काहींचं खूप सुधारतं, काहींचं जेमतेम. जबडा लहान, टाळू अरुंद, टॉन्सिल मोठे असतील तर वजन उतरूनही घसा दबत राहतो.

शिवाय या मोडक्या झोपेचा वजनावर उलटा मार आहे. शिकागोत २००४ साली निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर, आणि ओढ कशाची, तर गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. दुपारी चार वाजता दुकानात चहाबरोबर फरसाणाची पुडी का फुटते, त्याचं उत्तर यात थोडंफार सापडेल. आणि पहाटे उठून चालायला जायचं म्हणाल, तर ज्याचं डोकं सकाळी दगडासारखं जड असतं तो किती दिवस जाणार? वजन उतरवायला जी उमेद लागते, तीच ही झोप खाऊन टाकते.

पण एक गैरसमज इथेच काढतो. मशीन लावली की वजन आपोआप उतरतं असं नाही. चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर मशीन लावणाऱ्यांचं वजन किंचित वाढलेलंच दिसतं. रात्रभर श्वासाशी झगडण्यात जी शक्ती जायची ती वाचते, हे त्याचं एक कारण मानतात. मशीन तुम्हाला दिवसा ताजंतवानं ठेवते; त्या ताजेपणाचं काय करायचं ते आपल्या हातात. म्हणून दोन्ही इलाज बरोबरच हवेत, एकावर एक अवलंबून ठेवायचे नाहीत.

आधी तपासणी. आज रात्रीपासून तुम्ही काय करू शकता? मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. अकरा वाजता नको, पहाटे चार-साडेचारला काढा. स्वप्नांची झोप उत्तररात्री जास्त असते आणि तेव्हा घशाचे स्नायू सगळ्यात ढिले असतात, त्यामुळे झटके तेव्हा लांबतात. पांघरूण थोडं खाली, छाती आणि पोट दोन्ही दिसतील असा कोन, आवाज चालू. श्वास अडकलेला असतो तेव्हा छाती आत आणि पोट बाहेर असं उलटसुलट हलताना दिसेल. हा व्हिडिओ डॉक्टरांना तर दाखवाच, पण आधी मिस्टरांना दाखवा. घोरण्यावरून नवऱ्याला चिडवून, नातेवाइकांसमोर नक्कल करून कोणी तपासणीला तयार होत नाही. स्वतःचा थांबलेला श्वास पंचवीस सेकंद बघितल्यावर मात्र बहुतेक जण गप्प होतात.

दुकानातला टेप घ्या आणि गळा मोजा. पुरुषाचा ४३ सेंटिमीटर, म्हणजे १७ इंचांच्या वर, बाईचा १६ इंचांच्या वर, तर शंका बळावते. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर आपल्याकडे ती पोटाची चरबी धरतात. मिस्टरांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३६ येतो. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ पाश्चात्त्यांसारखी ३० वर नाही, २५ वर आहे, कारण आपल्यात तेवढ्याच वजनाला पोटातली चरबी जास्त असते. याचा अर्थ ज्याला घरातले "खात्यापित्या घरचा" म्हणतात, तोही या यादीत असू शकतो. भारतातल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०२३ च्या सुमारास मांडला गेला, त्यात प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला. यातले बहुतेक कधी तपासलेलेच नाहीत.

बायकांचं वेगळं सांगायला हवं, कारण हे वाचणाऱ्यांत त्याही असतील. बाई घोरते हे घरात बोललं जात नाही. तिची तक्रारही वेगळी असते: झोप लागत नाही, सारखी मोडते, सकाळी डोकं दुखतं, अंगात त्राण नाही. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, "टेन्शन घेता तुम्ही" अशी फेरी चालते. पाळी गेल्यानंतर आणि पीसीओडी असलेल्या, वजन वाढलेल्या मुलींमध्ये हा धोका वाढतो. थायरॉइडची तपासणी मात्र मिस्टरांचीही करून घ्या; ते कमी असेल तर वजन आणि घोरणं दोन्हीला हातभार लागतो.

स्लीप स्टडीला घाबरण्यासारखं काही नाही. नाकाशी बारीक नळी, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला ऑक्सिजनची क्लिप. तुमच्या मिस्टरांसारखी लक्षणं ठळक असतील तर घरी नेऊन लावायचं यंत्रही चालतं, स्वस्तही पडतं. फक्त ते झोपेचे नाही तर यंत्र चालू असण्याचे तास मोजतं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो. रिपोर्ट हातात आल्यावर नुसता एएचआय बघून फाइल बंद करू नका. सगळ्यात खाली ऑक्सिजन किती गेला, ९० टक्क्यांखाली एकूण किती वेळ होता आणि उताणं-कुशीवर यात फरक किती, हे तीन आकडे डॉक्टरांना विचारा. दोन माणसांचा एएचआय ३५ च, पण एकाचा ऑक्सिजन ८८ पर्यंत जातो आणि दुसऱ्याचा ६५ पर्यंत. दोघांचा आजार सारखा नाही. दिवसा बोटावर ९७ दाखवलं म्हणून रात्रीचं काही कळत नाही.

तुमच्या मिस्टरांच्या वजनाला आणखी एक शंका तपासून घ्यायची: दिवसासुद्धा श्वास अपुरा पडून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय का. त्यासाठी रक्तातलं बायकार्बोनेट बघतात. २७ किंवा जास्त आलं तर पुढे धमनीतल्या रक्ताची तपासणी. पाय सुजणं, ओठ निळसर दिसणं, दिवसाही ऑक्सिजन कमी असणं या खुणा. यांना कधी कधी वेगळी, दोन दाबांची मशीन लागते. आणि एक कळकळीचं सांगणं. कोविडच्या वेळी आणलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बऱ्याच घरांत पडून आहे. "रात्री श्वास अडकतो ना, मग लावा ऑक्सिजन" असं स्वतःच ठरवू नका. नुसत्या ऑक्सिजननं घसा उघडत नाही, आणि अशा रुग्णांत कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो.

मशीनबद्दल मिस्टरांचा राग आहे, तो समजतो. सीपॅप म्हणजे ऑक्सिजनची मशीन नाही, तोंडात जाणारी नळीही नाही. खोलीतलीच हवा ठरावीक दाबानं नाकातून आत सोडायची, त्या दाबानं घसा आतून उघडा राहतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही कल्पना पहिल्यांदा मांडली, तेव्हाचं यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीवर चालायचं आणि कानठळ्या बसवायचं. आजची मशीन पंख्याच्या आवाजात ऐकूसुद्धा येत नाही.

खरी लढाई मशीनशी नसते, मास्कशी असते, आणि ती पहिल्या दोन आठवड्यांत जिंकली किंवा हरली जाते. दुकानदार डब्यात येईल तो मास्क देतो आणि माणूस नाकावर वळ उठेपर्यंत पट्टे आवळतो. तसं नको. दोन-तीन प्रकारचे मास्क आडवं पडून, मशीन चालू ठेवून लावून बघायचे. बसून बरोबर वाटलेला मास्क झोपल्यावर सुटतो. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. झुपकेदार मिशा असतील तर कडेनं हवा गळते, अशांना नाकपुड्यांत टेकणारा छोटा मास्क बरा पडतो. तोंड उघडं राहत असेल तर तोंड-नाक दोन्ही झाकणारा. पहिले चार दिवस रात्री लावूच नका. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसू द्या. नाक कोरडं पडत असेल तर मशीनसोबतच्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला, नळाचं नको, त्यानं क्षार साचतात. वीज जात असेल तर इन्व्हर्टरवर मशीन चालते. त्या वेळी ह्युमिडिफायर बंद ठेवला की बॅटरी पुष्कळ टिकते. शक्य असेल तिथे आधी भाड्यानं घ्या, जमलं की विकत. आणि पहाटे तीनला "झाली की झोप" म्हणून मास्क काढून ठेवणारे फार असतात. मघाशी सांगितलं तसे सगळ्यात लांब झटके त्यानंतरच येतात, म्हणजे जेव्हा गरज जास्त तेव्हाच तो टेबलावर.

बाकीचे उपाय पटकन सांगतो. कुशीवर झोपणं आणि डोक्याकडची बाजू उचलणं यानं काहींना चांगला फरक पडतो. पाठीवर वळू नये म्हणून बनियनला मागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही चालते. खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण सौम्य-मध्यम आजारात उपयोगी, दात मजबूत हवेत. नाकाचं हाड किंवा टॉन्सिल असेल तर ईएनटी डॉक्टरांना दाखवाच, पण नुसत्या नाकाच्या ऑपरेशननं हा आजार क्वचितच जातो. ऑनलाइन मिळणाऱ्या क्लिपा, पट्ट्या, थेंब यांनी फार तर आवाज कमी होईल. शंख वाजवण्याबद्दल हल्ली बरेच विचारतात. जयपूरमध्ये ३० रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्यांत तासाला चार-पाच झटके कमी झाले. घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो, तर्क बरोबर आहे. देवघरातला शंख खुशाल वाजवू द्या. पण एएचआय ४० असेल तर पाच कमी होऊन काय होणार?

दारू आणि झोपेच्या गोळ्या यावर मात्र तडजोड नाही. दोन्ही घशाचे स्नायू आणखी ढिले करतात आणि गचका देऊन उठवणाऱ्या मेंदूलाही सुस्त करतात. "झोप पूर्ण होत नाही" म्हणून मेडिकलमधून अल्प्राझोलम आणून घेणारे बरेच असतात. यांना ती विषासारखी.

वजनाचं म्हणाल तर तुमच्या घरासाठी पहिला बदल जेवणाच्या वेळेचा. दुकान साडेनऊला बंद, सव्वादहाला जेवण, अकराला आडवं, म्हणजे भरलं पोट घेऊन पडद्यावर दाब. सात-साडेसातला डबा दुकानातच पाठवा: ज्वारीची भाकरी, उसळ किंवा आमटी, कोशिंबीर. रात्री भूक लागलीच तर ताक. मीठ-लोणचं-पापड कमी केले की पायाची सूजही उतरते. पोटातली चरबी लवकर उतरते, म्हणून काटा हलला नाही तरी पँट सैल झाली का बघा.

औषधांनीही आता वजन उतरतं आणि याबाबतीत गेल्या दोन-तीन वर्षांत खरोखर नवं काही घडलंय. टिर्झेपटाइड या इंजेक्शनच्या २०२४ मध्ये आलेल्या चाचण्यांत लठ्ठ आणि मध्यम-तीव्र श्वासअडथळा असलेल्या रुग्णांचं वजन वर्षभरात १८ ते २० टक्के उतरलं आणि एएचआय तासाला सरासरी २५ ते २९ नं कमी झाला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ते या आजारासाठी मंजूर झालं. भारतात मार्च २०२५ पासून मधुमेह आणि लठ्ठपणासाठी मिळतं. स्वस्त नाही, मळमळ-उलटी-बद्धकोष्ठता होते, बंद केलं की वजन परत चढण्याची शक्यता मोठी, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं औषध हे नव्हे. ३६ बीएमआय आणि हटवादी बीपी असलेल्या माणसाशी वजन उतरवण्याच्या, म्हणजे बॅरिॲट्रिक, शस्त्रक्रियेबद्दलही बोलायला हरकत नसते. कोणत्याही मार्गानं दहा-बारा किलो उतरले की मशीन स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. स्लीप स्टडी पुन्हा करायची, तेव्हा दाब कमी करता येतो आणि काहींची मशीन खरंच सुटते. मिस्टरांना हे सांगा. "जन्मभर" हा शब्द ऐकून माणूस बिचकतो, "वजनावर अवलंबून" म्हटलं की विचार करतो.

सोलापूरची फेरी तूर्त दुसऱ्याच्या हाती द्या. गल्ल्यावर पेंगणारा माणूस सरळ रस्त्यावर स्टिअरिंगमागेही पेंगतो, आणि ती डुलकी लागली होती हे त्याला कळतही नाही. उपचार नीट सुरू झाल्यावर दिवसाची झोप सहसा काही दिवसांत ते काही आठवड्यांत कमी होते, मग बघू.

राहिला हर्निया. सांगायलाच हवं, आणि नुसतं सर्जनना नाही तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत. भूल, गुंगीची औषधं आणि अफूवर्गातली वेदनाशामकं यांनी घसा आणखी दबतो, शिवाय अशा घशात नळी घालणंही अवघड जाऊ शकतं. त्यांना आधी कळलं तर ते कमरेतून भूल देता येईल का ते बघतात, गुंगीची औषधं कमी वापरतात, पहिल्या रात्री ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात आणि त्याच दिवशी घरी सोडत नाहीत. तोपर्यंत टिर्झेपटाइडसारखं इंजेक्शन सुरू केलं असेल तर तेही सांगा, त्यानं पोट उशिरा रिकामं होतं. ऑपरेशन ठरवून करायचं असल्यामुळे स्लीप स्टडी आणि मशीनची सवय यासाठी तीन-चार आठवडे पुढे ढकलता येईल का, हे सर्जनना विचारा. बहुतेक जण तयार होतात. त्या दिवशी रिपोर्ट, मशीन आणि मास्क बॅगेत असू द्या, आणि ऑपरेशननंतर सपाट उताणं न झोपवता डोकं उंच ठेवायला सांगा. मात्र मधल्या काळात हर्नियाची गाठ कडक झाली, आत जाईना, दुखू लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर स्लीप स्टडीची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा आणि घोरण्याचं तिथे दारातच सांगा.